बौद्धिक संपदा कायदा शिकायला परदेशी जाताना

बौद्धिक संपदा कायदा, म्हणजे शोध, नाममुद्रा, कलाकृती यांवरील हक्कांचा कायदा, शिकायला परदेशी जाताना काय पाहावे, असे निपाणीहून आपण विचारले आहे, म्हणून आरंभीच्या तीनच गोष्टी सांगतो; बाकीचे तिथे गेल्यावर कळेलच.

पहिली चूक विद्यापीठाच्या नावावर भुलण्याची. क्रमवारीपेक्षा कोणते विषय शिकवतात आणि कोण शिकवते, ते पाहा.

दुसरी अधिक महाग पडते. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी नसेल तर भारतात पेटंट एजंटची (इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणाऱ्याची) परीक्षा देता येत नाही आणि परदेशी एलएलएममुळे (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीमुळे) ती अट सुटत नाही, हे कर्ज काढण्यापूर्वी घरी स्पष्ट सांगा.

तिसरी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, हा विषय का शिकायचा आहे हे सांगणारा अर्जासोबतचा मजकूर. ‘लहानपणापासून कायद्याची आवड’ असे कृपया लिहू नका; त्याऐवजी आपल्या भागातला एखादा प्रश्न मांडा. आपल्या अथणीत हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याची जी चप्पल हाताने शिवली जाते, तिच्या ‘कोल्हापुरी’ या नावाच्या भौगोलिक मानांकनात (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणाऱ्या नोंदणीत) महाराष्ट्राचे चार आणि बेळगावसह कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या जागतिक व्यापार संघटनेच्या कराराचे २३ वे कलम वाइन आणि मद्यांच्या नावांना जे जादा संरक्षण देते, ते या चपलेला मात्र नाही. तिला सर्व मालासाठी असलेल्या सर्वसाधारण संरक्षणाच्या २२ व्या कलमावरच भागवावे लागते. हा प्रश्न आपल्या दाराशी आहे, मला तो फार मोलाचा वाटतो, आणि तो आपण जितका जवळून मांडू शकाल तितका लंडन-म्युनिकचा विद्यार्थी मांडू शकणार नाही. अर्ज भरण्याआधी एक दिवस अथणीला जाऊन कारागिरांशी बोला.