लेकीला समुद्राखालचा खडक बघायचाय

प्रश्न: औसा तालुक्यात आमचा बोअरचा धंदा आहे, स्वतःची एक गाडी आहे. मुलगी लातूरला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. कॉलेजात एक व्याख्यान ऐकून आली, तेव्हापासून म्हणते, आवाज सोडून समुद्राखालच्या खडकाचा फोटो काढतात, मला तेच शिकायचं. पाहुणे म्हणतात बी.एड. करा. आपण समुद्रापासून इतके लांब. यात पोटापाण्याचं काही आहे का? आणि पोरीच्या जातीनं महिना-महिना जहाजावर कसं राहायचं?

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या लेकीला जे शिकायचंय, त्यातलं बरंच काही तुमच्या अंगणात उभं आहे. गाडी चालू असताना मुरूम संपून काळा पाषाण लागला, हे तुम्ही आवाजावरून ओळखता. भुकटी तांबडी झाली की थर बदलला म्हणता. समुद्राखालचा खडक अभ्यासणारेही असाच कान लावून बसतात, कारण तिथं बोअर मारणं फार अवघड. 1961 साली अमेरिकेनं मेक्सिकोजवळ साडेतीन किलोमीटर पाण्याखाली तो प्रयत्न केला. तळाखाली जेमतेम 183 मीटर जाता आलं. महासागराखालचं कवच, म्हणजे पृथ्वीचा वरचा टणक खडकाचा थर, मात्र सरासरी सहा-सात किलोमीटर जाड असतं.

म्हणून आवाज सोडायचा. तुमच्या गाडीच्या कॉम्प्रेसरसारखीच दाबलेली हवा जहाजामागची एअरगन एकदम पाण्यात सोडते. तो धक्का तळात घुसतो, प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. जहाजामागे ओढलेल्या काही किलोमीटर लांब केबलमधले मायक्रोफोन तो टिपतात. हिशेब करून बघा. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो. समुद्र तीन किलोमीटर खोल असेल, तर तळाचा प्रतिध्वनी चार सेकंदांनी येतो. खालच्या खडकात वेग सेकंदाला साधारण सहा-सात किलोमीटर. म्हणजे कवचाच्या बुडाचा प्रतिध्वनी त्यानंतर दोनेक सेकंदांत. एवढ्या दोन सेकंदांत सगळी माहिती असते: वर गाळ, मग बेसाल्ट म्हणजे तुमचा काळा पाषाण, त्याखाली गॅब्रो म्हणजे त्याच रसाचा खोलवर सावकाश थिजलेला खडक.

अडचण अशी, की आवाज पाण्यातच वरखाली आपटत राहतो आणि खरा प्रतिध्वनी त्यात बुडतो. शिवाय खडकातला वेग नक्की माहीत नसला तर थर चुकीच्या खोलीवर दिसतात. आजचं प्रगत तंत्र इथं लागतं. आधी खडकाचा एक अंदाज बांधायचा, त्यातून आवाज कसा परत येईल ते संगणकावर काढायचं, खऱ्या नोंदीशी ताडायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा ताडायचं. अशा नोंदींनीच 1980 च्या दशकात कळलं, की पूर्व पॅसिफिकमधल्या समुद्री डोंगररांगेखाली वितळलेल्या खडकाची भलीमोठी टाकी नाही, एक पातळ थर आहे.

म्हणजे लेक ज्याला फोटो म्हणते, ते मुळात गणित आहे. माझं तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं आहे: पुढच्या वर्षी तिला मॅथ्स सोडू देऊ नका. जॉग्रफी सोपी पडते असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. सोबत पायथन ही संगणकाची भाषा शिकू द्या. अशा प्रतिध्वनींच्या नोंदींवर काम करणारं सिस्मिक युनिक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं.

पुढची वाट एम.एस्सी. जिओफिजिक्सची, म्हणजे पृथ्वीच्या पोटाच्या भौतिकशास्त्राची. जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीत अप्लाइड जिओफिजिक्सला जाता येतं. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात हा विषय आहे, तुम्हाला मुंबईपेक्षा ते जवळ. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत त्या कंपनीच्या भरतीतून नोकरी. संशोधन करायचं तर हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिकी संस्था किंवा गोव्याची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये सुरू होतात, पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. जागा मात्र कमी असतात. पहिल्या फटक्यात निकाल लागेल असं धरून चालू नका, एम.एस्सी.नंतर दोन वर्षं हाताशी ठेवा. बी.एड. त्यानंतरही करता येतं.

आता जहाजाचं. ही मोहीम काही आठवड्यांची असते, वर्षाचं बाकीचं काम संगणकासमोर, जमिनीवर. मुली जहाजावर जातात, राहतात, काम करून येतात. नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत 1983 साली थेट अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाल्या होत्या. तेव्हा जमलं ते आज तुमच्या लेकीला न जमण्यासारखं नाही.

समुद्रापासून लांब असण्याचं म्हणाल, तर 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो. नंतर किल्लारीच्या ढिगाऱ्यांजवळ यंत्रं घेऊन आलेले शास्त्रज्ञ पाहिले, त्यांत आपल्या भागातलं कुणी मला दिसलं नाही. ती सल आजही आहे. पुढं एनजीआरआयनं किल्लारीला 617 मीटरचा बोअर घेतला. 338 मीटर काळा पाषाण, खाली गाळाचा पातळ थर, मग जुना ग्रॅनाइटी खडक. आपला काळा पाषाण आणि समुद्रतळाचा बेसाल्ट जातीनं एकच. आपला मात्र अशा जुन्या खडकावर पसरलेला आहे, समुद्राचा स्वतःच तळ आहे. हा फरक लेकीला विचारा, ती नीट सांगेल.

सुट्टीत तिला एका बोअरवर न्या. प्रत्येक रॉड खाली जायला किती मिनिटं लागली, भुकटीचा रंग कधी बदलला, पाणी किती फुटांवर लागलं, सगळं वहीत लिहू द्या. मग खोलीप्रमाणे आलेख काढायला सांगा. तो कागद मला पाठवा, मी बघून कळवतो.