नवीन मशीन आलं की आधी ते पुसायला घे

बाळा,

रविवारी चहा अर्धा ठेवून उठलास आणि उंबऱ्यात म्हणालास, "मामा, पाच वर्षं बिडाच्या ओतीव लोखंडावर हात बसवला, आता बीडच बंद व्हायला लागलंय. शिकल्यालं सगळं वाया गेलं न्हवं?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

विजेवरच्या गाडीला तू कापतोस ते इंजिनाचं बिडाचं सिलिंडर हेड लागत नाही. ते तू आणि मी शिरोलीत बसून बदलू शकत नाही. तुमच्याकडे ॲल्युमिनियमच्या मोटार हाउसिंगसाठी, म्हणजे मोटारीच्या कवचासाठी, नवीन व्हीएमसी, उभ्या स्पिंडलचं संगणकी कटिंग मशीन, येतंय, ते येणारच. पण तू सुपरवायझरला सांगून आलास की मला जुन्या लाइनवरच ठेवा. तिथं मला राग आला. तोंडावर बोललो नाही, म्हणून लिहितोय.

नवीन मशीन उतरलं की पहिल्या दिवशी कापड घेऊन ते पुसायला जा. कुणी सांगायची वाट बघू नकोस. पुसताना कळतं की टूल कुठून बदलतात, कूलंटची, म्हणजे थंड करायच्या पाण्याची, नळी कुठं वळते, स्लाइडवर चिप, म्हणजे कापलेला कीस, कुठं साचणार आहे. मॅन्युअल नंतर वाच. आधी हात फिरव.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९९४ साली आमच्या शॉपमध्ये पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, लेथ आलं. मालकांनी विचारलं, पुण्याला आठवडाभर शिकायला कोण जातंय? मी तेव्हा एकतीस वर्षांचा, शॉपमधला चांगला टर्नर. मी मान खाली घालून जॉब फिरवत राहिलो. घरी उसाची तोड आली होती, वडील एकटे होते, हे खोटं नाही. पण तोड आठ दिवसांत संपली आणि मी त्या मशीनजवळ सहा वर्षं गेलो नाही. सहा वर्षं, लेका! शेवटी मला जी-कोड, म्हणजे मशीनला हुकूम द्यायची भाषा, शिकवली ती बावीस वर्षांच्या पोरानं. तो पोरगा चांगला होता, कधी उलट बोलला नाही. तरी त्याच्या शेजारी वही घेऊन उभं राहताना काय वाटायचं ते तुला आत्ता कळणार नाही, आणि कळूही नये.

आणि शिकलेलं वाया जातं हे तुला कोण म्हणालं? बीड कापताना काळी बुकणी पडते, बरेचदा कोरडंच कापतोस. ॲल्युमिनियमची चिप लांब निघते, इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या पात्याच्या, धारेला चिकटून बसते आणि मग फिनिश फाटतं. तिथं धारदार, गुळगुळीत इन्सर्ट लागतं, वेग जास्त लागतो आणि कूलंट नेमका धारेवर पडावा लागतो. हा फरक ज्यानं आयुष्यात बीड कापलंच नाही त्याला जाणवणार तरी कसा? तुला पहिल्याच जॉबला जाणवेल.

आता माप घे. १०० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, दहा अंशांनी तापला तर बिडात साधारण ११ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ११ हजारावे भाग, वाढतो आणि ॲल्युमिनियममध्ये २३. एच-७ या मापाच्या सवलतीत तुला मिळतात एकूण ३५. म्हणजे एप्रिलच्या दुपारी मशीनवरून काढलेला गरम जॉब बोअर गेजवर बरोबर दिसेल आणि इन्स्पेक्शनच्या थंड खोलीत गेल्यावर लहान भरेल. मग ऑपरेटर म्हणणार इन्स्पेक्शनवाला चुकला आणि इन्स्पेक्शनवाला म्हणणार ऑपरेटर. हे भांडण सुरू व्हायच्या आधी तुला त्याचं कारण माहीत असलं पाहिजे. म्हणून म्हणतो, पहिल्या दिवशी जा. आठव्या दिवशी गेलास तर तिथं दुसऱ्या कुणाचा तरी हात बसलेला असेल.

आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर होऊन गेले. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार करायचा ध्यास त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी घेतला, आणि १९१६ साली आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी आपल्या शिष्याला, दामल्यांना, बरोबर घेऊन १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. मी पडदेवाला आहे, मला पडद्यावरच ठेवा, असं ते कुणाला म्हणायला गेले नाहीत.

मन सकारात्मक ठेव असं मी तुला सांगणार नाही, ते तुला सगळेच सांगतात. माझं मन त्या सहा वर्षांत रोज कुढत होतं आणि पहिला प्रोग्रॅम स्वतः चालवला त्या दिवशी ते आपोआप थांबलं. आधी हात गेला, मग मन गेलं. माझ्या बाबतीत तरी हाच क्रम होता.

माझं सगळंच चुकलं असंही समजू नकोस. हँड लेथवर मी जो कान तयार केला तो आजही माझ्याकडे आहे. टूल थरथरायला लागलं की स्क्रीनवर लोड दिसायच्या आधी मला ऐकू येतं. तो कान मी सोडला नाही, याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो एवढाच, की तो कान घेऊन मी नव्या मशीनजवळ गेलो नाही. तू बिडावर कमावलेला कान घेऊन जा.

उद्या पाळीला गेलास की आधी सुपरवायझरला गाठ आणि रविवारच्या आधीचं बोलणं मागं घे. लाज वाटली तरी घे. मशीन उतरेल त्या दिवशी तुझी पाळी नसली तरी जा. पहिले तीन जॉब निघाले की बोअरचं माप दोनदा घे, काढल्या काढल्या एकदा आणि तासाभरानं एकदा, आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. त्यासाठी माझी जुनी रेघांची वही काढून ठेवली आहे. न्यायला ये, आणि या वेळी चहा पुरा पिऊन जा.

तुझा,
मामा