नेमके शब्द लिहून ठेवा

वकीलबाईंना विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

पत्र पहिलं

सप्रेम नमस्कार. आम्ही घणसोलीत एका सोसायटीत राहतो. आमच्या मजल्यावर मिझोरममधल्या ऐजॉलची एक मुलगी भाड्याने राहते. नेरूळच्या एका रुग्णालयात ती नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी साडेआठच्या सुमारास परतते. तेव्हा गेटजवळच्या बाकड्यावर तळमजल्यावरचे एक गृहस्थ आणि त्यांचे दोन-तीन मित्र बसलेले असतात. ‘ए चिंकी’, ‘चायना माल आला’ असं रोज चालतं. करोनाच्या वेळचे शब्दही अजून निघतात. गेल्या आठवड्यात एकाने लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि म्हणाला, ‘आधी सांग, कुत्रं खातेस का?’ मी मीटिंगमध्ये विषय काढला. चेअरमन म्हणाले, ‘थट्टा आहे हो, बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेनेच दिलंय.’ सेक्रेटरींना काळजी सोसायटीच्या नावाची. माझा मुलगा लॉ करतोय. त्यालाही त्या माणसांचा संताप येतो, पण तो म्हणतो, ‘आई, बोलण्यावरून केस करायची सवय लागली, की उद्या तीच केस आपल्यावर येते.’ मला त्याचंही पटतं आणि त्या मुलीच्या तोंडाकडे बघवतही नाही. काय करू?
– एक वाचक, घणसोली

ताई, लिफ्टचं दार धरून ठेवलं, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझं लक्ष तिथेच अडकलं. त्याकडे येते, पण आधी चेअरमनसाहेबांच्या घटनेबद्दल.

कलम १९(१)(क) ने भाषणाचं आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलंय, हे खरं. त्याच्याच खाली १९(२) आहे. देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात. ‘कुणाला तरी वाईट वाटलं’ हे कारण त्या यादीत नाही. ते नाही, याचं मला बरं वाटतं. तुमच्या मुलाची भीती नेमकी तीच आहे आणि ती खोटी नाही.

मी ठाण्याच्या कोर्टात तीसहून जास्त वर्षं वकिली करते. नोव्हेंबर २०१२ मला चांगला आठवतो. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे गेले, सगळीकडे बंद होता. त्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या आणि दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. कोर्टाच्या कँटीनमध्ये आम्ही त्या चार ओळी परत परत वाचल्या होत्या. शिवी नाही, धमकी नाही, निव्वळ एक प्रश्न होता. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ, ज्याच्या आधारे ऑनलाइन मजकुरावरून अशा अटका व्हायच्या, ते कलमच रद्द केलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन्हींना, ती कितीही अप्रिय असोत, हात लावायचा नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण सुटलं तेही याच वाटेने. ३७० कलम हटवल्याचा दिवस त्याने व्हॉट्सॲप स्टेटसवर काळा दिवस म्हणून लिहिला होता. त्याच्यावरचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

आता बाकड्याकडे येऊ. त्या गृहस्थांना ईशान्येकडच्या लोकांबद्दल काय वाटायचं ते वाटो. त्यांनी तसा लेख लिहिला, तर मी त्याला कडक उत्तर लिहीन, पण त्यांना अटक व्हावी असं म्हणणार नाही. लेख नको वाटला तर ती मुलगी पान उलटू शकते. रात्रभर पेशंटच्या उशाशी उभं राहून घरी आलेल्या मुलीला गेट ओलांडल्याशिवाय घर गाठता येत नाही. तिला जायला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न मी अशा प्रत्येक प्रकरणात आधी विचारते.

लिफ्टचं दार धरणं म्हणजे जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, वाट अडवणं. शिक्षा लहान आहे, महिनाभर कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात. इथे बोलण्याच्या स्वातंत्र्याचा संबंधच येत नाही. शब्दांना किंवा हावभावांना बाईच्या अब्रूवर जाणारं वळण असेल, तर कलम ७९ लागतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. शांतता भंग व्हावी म्हणून जाणूनबुजून अपमान केला तर कलम ३५२, पण ते अदखलपात्र. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून हातात देतील आणि ‘कोर्टात जा’ म्हणतील. कुणी कलम १९६ सुचवलं तर मात्र नको म्हणा. ते कलम दोन समाजांत वैर पसरवणाऱ्यासाठी आहे. तिघा जणांच्या टवाळीला ते लावलं तर खटला टिकत नाही, आणि अशी कलमं सैल हाताने लावायची सवय लागली, की पुढचा बळी कोल्हापूरच्या त्या प्राध्यापकासारखा कुणीतरी ठरतो.

तिच्या बाबतीत सगळ्यात वजनदार कायदा १९८९ चा, अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा, ज्याला आपण सगळे ॲट्रॉसिटी म्हणतो. मिझो जमाती मिझोरमच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी, जमातीच्या व्यक्तीचा पाणउतारा करायच्या हेतूने केलेला अपमान कलम ३(१)(आर) मध्ये येतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ‘चिंकी’ म्हणणाऱ्यावर हा कायदा लावता येतो, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवलंय. समोरचा वकील म्हणेल, ‘ती जमात तिकडची, महाराष्ट्राच्या यादीत नाही.’ त्याला उत्तर आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलंय की, या कायद्याचं संरक्षण माणसाबरोबर देशभर जातं. घराच्या चार भिंतींत, तिऱ्हाईत कुणी नसताना बोललेलं मात्र यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्याकडे गेट आहे, वॉचमन आहे, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया आहेत.

आता एक जुनी गोष्ट, कारण तुमचं प्रकरण टिकेल की नाही ते यावर आहे. १९९६ च्या आसपास मी ज्युनिअर होते. मुरबाडकडचा एक कातकरी आदिवासी वीटभट्टी कामगार होता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली की नाही, याचा हिशेब त्याने आठवडे बाजारात मालकाला विचारला आणि मालकाने त्याला भर बाजारात जातीवरून शिव्या दिल्या. पाचपन्नास माणसांनी ऐकलं. फिर्यादीत हवालदाराने लिहिलं, ‘जातिवाचक शिवीगाळ करून अपमान केला.’ संपलं. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने एकच प्रश्न लावून धरला, ‘नेमका कोणता शब्द?’ त्या माणसाने पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. विटा उचलून नखं झिजून गेलेली. तो खाली बघत राहिला आणि म्हणाला, ‘साहेबांसमोर तसलं कसं काढू तोंडातून?’ ज्याने शिवी दिली त्याला लाज नव्हती, ज्याला दिली तो लाजेने गप्प. मालक निर्दोष सुटला. तेव्हापासून माझ्याकडे असं कुणी आलं, की मी आधी कोरा कागद पुढे करते आणि सांगते, जसंच्या तसं लिहा, शिवीसुद्धा, ज्या भाषेत दिली त्याच भाषेत.

म्हणून एक वही घाला. तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवण्यासाठी सेक्रेटरींना आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिचा जमातीचा दाखला घरून मागवून ठेवायला सांगा. ॲट्रॉसिटीचा तपास नवी मुंबईत सहायक पोलीस आयुक्ताच्या दर्जाचा अधिकारी करतो, आणि जबाब नोंदवताना शब्द गाळले तर सही करायची नाही. हे सगळं तिला विचारून करा. जबाब तिला द्यायचाय, कोर्टाच्या तारखा तिला पाळायच्यात, रजा तिची जाणार. ‘नको’ म्हणाली, तर सोसायटीकडून त्या गृहस्थांना लेखी समज द्यायला लावा आणि सकाळी साडेआठला तुम्ही स्वतः गेटवर उभ्या राहा. तेही थोडं नाही.

कायद्यातली एक खोट मला फार सलते. हीच मुलगी मणिपूरच्या मैतेई समाजाची असती तर? मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत. तोच बाकडा, तोच शब्द, पण ॲट्रॉसिटी लागली नसती. खारघर-कोपरखैरण्यात राहणाऱ्या आफ्रिकी तरुणांचंही तेच. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा तरुण निडो तानिया दिल्लीत जिवानिशी गेला. केसांवरून, दिसण्यावरून टोमणे मारले, त्यातून मारहाण झाली. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी दंडविधानात दोन वेगळी कलमं सुचवली. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली, तीत ती कलमं नाहीत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंशावरून खून केला, तर कलम १०३(२) आहे, जबर दुखापत केली तर ११७(४). म्हणजे एकट्यादुकट्याच्या बाबतीत वंश हा शब्द कायद्याला सापडतो, पण माणूस मेल्यावर किंवा जबर जखमी झाल्यावर. मला ते कलम हवंय, आणि अरुंद हवंय : समोरच्या माणसाला उद्देशून, त्याच्या जन्मावरून, त्याला खाली पाडायच्या हेतूने बोललेलं. लेख, नाटक, भाषण, वादविवाद त्यातून बाहेर. तुमच्या मुलाला हे वाचून दाखवा आणि तो कसा मसुदा करील ते मला कळवा. मनापासून विचारते आहे.

पत्र दुसरं

मी निवृत्त शिक्षक, कळव्याला राहतो. उत्सवात आमच्या चाळीसमोर रात्री अकरापर्यंत स्पीकर चालू होता. ‘देव बहिरा नाही’ असं मी चाळीच्या फळ्यावर लिहिलं. मंडळाची मुलं म्हणतात, भावना दुखावल्या, केस टाकणार. घरचे फळा पुसा म्हणतात.
– एक वाचक, कळवा

गुरुजी, पुसू नका. धार्मिक भावनांचं कलम आता २९९ आहे, आधी ते २९५ अ होतं. त्यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ धर्माचा अपमान करणं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली हे कलम टिकवलं, ते याच दोन अटींच्या जोरावर. तुमचं वाक्य देवाबद्दल नाही, स्पीकरबद्दल आहे. आणि शब्दांचं माप हळव्या, डळमळीत मनाने काढायचं नसतं, खंबीर आणि समंजस माणसाच्या मनाने काढायचं असतं, हे आपल्याच नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस स्वातंत्र्याच्या सुमारास सांगून गेलेत. ते माप आजही सर्वोच्च न्यायालय वापरतं. मुलं घरी येऊन ‘बघून घेऊ’ म्हणाली तर ती धमकी, कलम ३५१. तेही शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवा. त्यांच्यातला एखादा तुमचा विद्यार्थी असेलच, त्याला मात्र चहाला बोलवा.

पत्र तिसरं

वागळे इस्टेटमध्ये माझं स्टेशनरीचं दुकान आहे. समोरच्याला ‘मराठीत बोल’ म्हणणं किंवा ‘भैया’ म्हणणं गुन्हा आहे का?
– एक वाचक, ठाणे

मराठीत बोला म्हणणं गुन्हा नाही. त्यासाठी सभा घ्या, फलक लावा, गिऱ्हाईक म्हणून आग्रह धरा, मीही धरते. कानाखाली मारली, हात जोडून माफी मागायला लावली, दुकान बंद पाडलं, की तो गुन्हा झाला, मग कारण कितीही आपलं असो. ‘भैया’ हा शब्द त्यांच्या घरी भावासाठी आहे. तुम्ही तो कोणत्या सुरात काढता, ते तुमच्या नोकराला विचारा. ‘भैय्यांना हाकला’ अशी चिथावणी जमावाला दिलीत, तर मी वर ज्या १९६ ला नको म्हटलं, तेच कलम तिथे बरोबर बसतं. त्यात भाषा आणि जन्मस्थान हे दोन्ही शब्द आहेत.

ता.क. घणसोलीच्या ताईंसाठी : त्या मुलीला वकिलाची फी भरायची गरज नाही. बाई म्हणूनही आणि अनुसूचित जमातीची म्हणूनही तिला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन करायचा तर १५१००. ॲट्रॉसिटीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. रात्रपाळी उतरून थेट येऊ नका म्हणावं, झोपून दुपारी या. येताना वही आणा.