चढ आणि आरंभ यांची गफलत

प्रश्न : सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढण्याचे सूत्र फ = १.८ × स + ३२ असे आहे. केल्व्हिनसाठी मात्र कोष्टक दिले आहे : ०, १०, २० अंशांना अनुक्रमे २७३.१५, २८३.१५, २९३.१५. केल्व्हिनचे आकडे मोठे आहेत, म्हणजे ते रेषीय फल (समान टप्प्याला समान वाढ देणारा संबंध) अधिक वेगाने वाढते का?

उत्तर : नाही, आणि ही गफलत वर्गात नेहमी दिसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शून्यापाशी असलेला मोठा आकडा केवळ आरंभ सांगतो. वाढीचा वेग सांगतो तो चढ. कोष्टकात सेल्सिअस १० ने वाढला की केल्व्हिनही १० नेच वाढतो, म्हणून तेथे चढ १. सूत्रात तो गुणकातच, १.८ असा, लिहिलेला आहे. त्यामुळे शून्य अंशाला २४१.१५ ने मागे असलेला फॅरनहाइटचा आकडा दर अंशाला ०.८ ने अंतर कापत सुमारे ३०१.४४ अंश सेल्सिअसला केल्व्हिनच्या आकड्याला गाठतो आणि पुढे निघून जातो.