महागडं युनिट घेऊनही का हरतो? टर्न-बेस्ड गेमवर तुमचे प्रश्न

चतुर्थीच्या सुट्टीत बरेच जण टर्न-बेस्ड गेम, म्हणजे बुद्धिबळासारखे आळीपाळीने चाली करायचे गेम, मनसोक्त खेळलेले दिसतायत, कारण यावेळी प्रश्नांचा ढीग आलाय. सगळे घेता येत नाहीत, म्हणून जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते निवडले. बहुतेकांची तक्रार एकच आहे, सगळ्यात भारी युनिट (म्हणजे फौजेतला गडी किंवा यंत्र) घेतलं तरी हरतो, तर तिथूनच सुरू करू.

प्रश्न (म्हापसा, बारावीचा विद्यार्थी): दादा, पॉलिटोपिया गेममध्ये मी स्टार (तिथले पैसे) साठवून साठवून नाइट (घोडेस्वार) घेतो आणि माझा मित्र नुसते डिफेंडर (ढालवाले) घेऊन बसतो, तरी तोच जिंकतो. असं कसं?

अरे नाइट भारीच आहे, पण तू त्याला सोडतोस कुठे आणि कधी ते बघ. ८ स्टारचा हा गडी एका टर्नमध्ये ३ घरं जातो आणि त्याची खरी ताकद अशी की समोरचा मेला की त्याच्या जागेवर जाऊन लगेच शेजारच्यावर वार करतो, तो मेला की तिसऱ्यावर, जोवर एका घावात माणूस पडतोय तोवर हे चालूच. ओळीत उभे केलेले वॉरियर (साधे शिपाई), आर्चर (तिरंदाज), कॅटापुल्ट (दगड फेकायचं यंत्र) त्याच्या तावडीत सापडले की एका टर्नमध्ये सगळी फळी साफ होते.

पण ही साखळी तुटते कुठे? जिथे समोरचा एका घावात मरत नाही तिथे. डिफेंडरची हेल्थ (जीव) १५, डिफेन्स (बचाव) ३. धडधाकट डिफेंडर नाइटच्या एका घावात पडत नाही, वर उलटा वार करतो, आणि मग तुझा नाइट डिफेन्स १ घेऊन शत्रूच्या मधोमध अडकतो. पुढच्या टर्नला २ स्टारचा वॉरियर येऊन त्याला संपवतो. तुझा मित्र नेमकं हेच करत असणार, आणि हिशोब बघ, ८ स्टारमध्ये त्याला २ डिफेंडर आणि वर १ वॉरियर मिळतो.

यावर उपाय म्हणजे नाइट टर्नमध्ये सगळ्यात शेवटी हलवायचा. आधी कॅटापुल्टने लांबून डिफेंडरला अर्धमेला कर, आर्चरचा एक बाण घाल, आणि तो एका घावात पडेल एवढा खाली आला की मग नाइट सोड. एकाच टर्नमध्ये कोण आधी आणि कोण नंतर, हे ज्याला जमलं त्याचं अर्धं काम झालं, हे मी अगदी मनापासून सांगतो.

प्रश्न (फोंडा): सिव्हिलायझेशन ६ मध्ये शहराला भिंत असली की माझे घोडेस्वार आणि तिरंदाज कितीही टर्न मारू देत, काही होत नाही. भिंत पाडायची कशी?

घोडेस्वाराच्या ताकदीचा आकडा ३६ बघून सगळे फसतात. भिंतीवर जवळून लढणाऱ्या युनिटचं डॅमेज (नुकसान) फक्त १५ टक्के लागू होतं, तिरंदाजांचं निम्मं, म्हणजे तुम्ही तलवारीने दगड खरवडताय. पूर्ण डॅमेज लागतं ते वेढ्याच्या यंत्रांचं, म्हणजे कॅटापुल्ट वगैरेचं. दुसरा मार्ग बॅटरिंग रॅमचा, म्हणजे भिंत फोडायच्या ओंडक्याचा, तो भिंतीला भिडवून ठेवला की तुमचे तलवारवाले आणि भालेवाले भिंतीवर पूर्ण जोर लावू शकतात. पण रॅमचा फायदा घोडदळाला होत नाही आणि मध्ययुगीन भिंत आली की रॅम निरुपयोगी, म्हणून ज्याला रॅमने जिंकायचंय त्याने लवकर निघावं.

कॅटापुल्ट आणला म्हणजे झालं असंही नाही. तो ज्या टर्नला जागेवर पोचतो त्या टर्नला सहसा मारू शकत नाही, आणि त्याची रेंज २ आणि शहराचीही २, म्हणजे पहिला फटका तोच खाणार. त्यामुळे त्याच्या पुढे एक दणकट युनिट हवं आणि शहराभोवतीची सगळी घरं अडवलेली हवीत, नाहीतर शहर दर टर्नला २० हेल्थ भरून काढतं आणि तुमची मेहनत पाण्यात.

तुम्ही फोंड्याचे आहात म्हणून सांगतो, १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता, तोफा होत्या, तटावर मारा चालू होता, पण बाहेरून संभाजीराजे फौज घेऊन आले आणि वेढा घालणाऱ्यांनाच मागे पळावं लागलं. गेममध्येही अगदी तसंच होतं, तोफा शहराकडे तोंड करून ठेवल्या आणि पाठीला कोणी नाही, मग शत्रूचे दोन घोडेस्वार येऊन सगळा तोफखाना कापून काढतात. म्हणून पाठीमागे दोन भालेवाले ठेवाच. त्यांचा आकडा २५ दिसतो खरा, पण घोडदळासमोर १० वाढतात, म्हणजे ३५ झाले, ३६ वाल्या घोडेस्वाराशी जवळजवळ बरोबरी, आणि बनवायला स्वस्त.

प्रश्न (मडगाव, एक आई): मुलगा नववीत आहे, या गेममध्ये पैसे मागत राहतो. फुकट आणि चांगला असा कुठला आहे का?

आहे ताई, बॅटल फॉर वेसनॉथ. २००३ पासून लोकांनी मिळून बनवलेला, पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. लढायाच आहेत, पण रक्ताचे पाट नाहीत. इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येतो हे पावसाळ्यात फार कामाचं.

प्रश्न (डिचोली): त्याच वेसनॉथमध्ये माझा घोडेस्वार भालेवाल्यावर चाल करून गेला आणि स्वतःच मेला. महाग युनिट स्वस्ताकडून मरतं हा बग आहे का?

बग नाही, हे गेमचं सगळ्यात सुंदर गणित आहे आणि ते एकदा समजलं की हा गेम सुटत नाही. घोडेस्वाराकडे चार्ज आहे, म्हणजे त्याने हल्ला केला की त्याचं डॅमेज दुप्पट, पण समोरच्याचंही दुप्पट. भालेवाल्याकडे असा गुण की हल्ला कोणीही करो, पहिला वार त्याचा. आता मांडा, भाल्याचा एक वार ७ चा, चार्जमुळे १४ चा, त्यात घोडा भोसकण्याच्या हत्यारापुढे २० टक्के कमजोर, म्हणजे वाराला १७ च्या आसपास. असे ३ वार. तीनही लागले तर ५० च्या वर जातं, आणि घोडेस्वाराची हेल्थ ४० सुद्धा नसते.

आता तोच घोडेस्वार दिवसाउजेडी डार्क अडेप्टवर सोडा. त्या मांत्रिकाकडे जवळून लढायचं हत्यारच नाही, त्यामुळे उलटा वार शून्य, चार्जची सगळी मजा तुमची. वर दिवसा घोडेस्वाराचं डॅमेज २५ टक्के जास्त, दोन्ही वार लागले की मांत्रिक खलास. रात्री मात्र त्याला मागे ओढा, तेव्हा तोच घोडेस्वार २५ टक्क्यांनी उतरतो आणि मांत्रिक तेवढाच चढतो. सांगाडे समोर आले तर भाले आणि तलवारी काही कामाच्या नाहीत, तिथे गदावाला हेवी इन्फन्ट्री किंवा आगवाला जादूगार (मेज) हवा. आणि कुठलंही युनिट विकत घ्यायच्या आधी समोरच्याने काय घेतलंय ते बघायची सवय लावा हो, यात एक मिनिट जातं आणि डाव वाचतो.

प्रश्न (पेडणे): मराठ्यांकडून खेळता येईल असा गेम?

एम्पायर टोटल वॉर, २००९ चा. मराठे घेऊन खेळता येतं, नकाशावरचा कारभार टर्न-बेस्ड, पण लढाई मात्र थेट चालू वेळेत होते, त्यामुळे तिथे विचार करत बसायला सवड नाही. मराठे घेऊन हिंदुस्थानचा नकाशा खेळण्यात वेगळाच आनंद आहे, जरूर खेळा.

प्रश्न (वास्को): अॅडव्हान्स वॉर्समध्ये साधं पायदळ कशाला घ्यायचं? टँक एका फटक्यात वाट लावतो त्यांची.

पायदळ घ्यायचं कारण टँकला शहर ताब्यात घेता येत नाही. १००० पैशांचा शिपाई लागतो त्याला. ताबा घ्यायला २० गुण लागतात आणि शिपाई दर टर्नला आपल्या हेल्थएवढे गुण काढतो, म्हणजे धडधाकट १० वाला २ टर्नमध्ये शहर घेतो, ५ वर आलेला ४ टर्न घेणार. प्रत्येक शहर दर टर्नला १००० देतं, म्हणजे शिपायाने घेतलेलं शहर एकाच टर्नमध्ये त्याची किंमत फेडून टाकतं. ७००० चा टँक आधी घेणारा पहिल्या पाच-सहा टर्नमध्ये जोरात दिसतो आणि नंतर त्याच्याकडे पैसेच उरत नाहीत, हे तुमच्याच डावात तपासून बघा.

दुसरा उपयोग आडोशाचा. तोफखाना २ ते ३ घरांवर मारतो, पण एकदम चिकटून उभ्या राहिलेल्या शत्रूला तो उलटं मारू शकत नाही आणि हललेल्या टर्नला फायर करत नाही. तर अरुंद वाटेवर, पुलावर किंवा दोन डोंगरांमध्ये शिपाई पुढे उभा करा आणि तोफखाना त्याच्या मागच्या घरात. शत्रूचा टँक शिपायाला मारायला येणार, शिपाई थोडाफार मार खाऊन उभा राहिला तर पुढच्या टर्नला तोफ टँकचं कंबरडं मोडते. शिपाई डोंगरावर असेल तर आणखी टिकतो, त्यामुळे मॅप उघडला की आधी पूल आणि डोंगर शोधा, फॅक्टरीत काय बनवायचं ते त्यानंतर ठरवा.