‘मॅडम, या वेळी कडक डाएट द्या’

वजन उतरतं, पण टिकत का नाही? मी आहारतज्ज्ञ. इंदुरात माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचा मुख्य प्रश्न हाच असतो. वजन कमी कसं करायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं आणि त्यांनी ते एकदा तरी करून दाखवलेलं असतं. रामबागेतल्या एका ताईंची गोष्ट म्हणूनच सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वय ४७, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७९ किलो, कंबर ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० च्या आत असावी असं मानतात. घरी नवरा, मुलगा, सासूबाई, आणि संध्याकाळी पाच ते आठ शाळकरी मुलांच्या शिकवण्या. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी त्यांनी पोळी, भात, साखर सगळं बंद केलं होतं. सकाळी पावडरचा शेक, रात्री सूप. ७६ वरून ६६ वर आल्या. लग्नातल्या फोटोंचं कौतुक झालं आणि वर्षभरात काटा ७९ वर गेला. ‘माझ्यात निग्रहच नाही. या वेळी कडक डाएट द्या, मॅडम,’ हे त्यांचं पहिलं वाक्य.

कडक डाएट मी दिलं नाही. आधी रिपोर्ट पाहिले. थायरॉइड ठीक होतं. तसंही थायरॉइडमुळे वाढणारं वजन बहुधा थोडंच असतं, दहा-पंधरा किलोंचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. हिमोग्लोबिन १०.२ होतं, त्यासाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.१ होती, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी हा आकडा सुधारू शकतो. त्यांच्या बाबतीत याचा अर्थ चार ते आठ किलो. ‘एवढंच?’ असं म्हणून त्या जरा नाराजच झाल्या.

मग निग्रहाचा मुद्दा. उपाशी राहून पटकन उतरलेल्या वजनात पाणी आणि स्नायू यांचाही वाटा असतो. शरीर पिष्टमय अन्नातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. पोळी-भात बंद केला की तो साठा संपतो आणि पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो ‘गेले’ असं वाटतं. पुढे स्नायू झिजतात, शरीराचा रोजचा खर्च घटतो आणि भूक मात्र वाढते, कारण भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरतात. अशा शरीराने वर्षभरात वजन परत मिळवलं तर त्यात स्वभावाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. हे ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. नंतर म्हणाल्या, ‘घरात सगळे म्हणतात, तुझ्याच्याने होणार नाही.’

मी एक आठवडा फक्त लिहायला सांगितलं: काय खाल्लं, किती वाजता, बसून की उभ्याने, आणि तेव्हा मनात काय होतं. खाण्यात बदल काहीच नाही. वही आली तेव्हा जेवणाच्या ताटात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. सकाळी नाश्ता नाही (ही त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा), दुपारी दीड पोळी. पण साडेचारला शिकवणीच्या घाईत उभ्याने चहा आणि डब्यातली शेव. रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरलेलं, तेही उभ्यानेच. आणि शनिवारची नोंद अशी: ‘सराफ्यात गेलो. सगळ्यांनी गराडू खाल्ले, मी नुसती उभी. घरी येऊन सगळे झोपल्यावर शेव खाल्ली. किती ते माहीत नाही.’

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार आणि गराडू म्हणजे कंदाचे कुरकुरीत तळलेले तुकडे, वर जीरावन मसाला आणि लिंबू. थंडीत सराफ्यात जाऊन ते न खाणं ही साधी गोष्ट नाही. आणि शेवेबद्दल बोललं की माझ्याकडे रागाने बघतात, तरी सांगावंच लागतं: १०० ग्रॅममध्ये साधारण साडेपाचशे कॅलरी. दोन मुठी शेव उभ्याउभ्या संपते, आणि तिची भरपाई करायला तासभर तरी चालावं लागतं. बदनामी मात्र पोह्यांची होते.

पोहे मी सुरूच करून दिले. सकाळी साडेआठला एक वाटी, त्यात मोड आलेली मटकी किंवा मटार, शेव चमचाभर आणि सोबत वाटीभर दही. दुपारी दोन पोळ्या, मोठी वाटी भाजी, कोशिंबीर, आणि पातळ वरणाऐवजी घट्ट डाळ किंवा उसळ. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपासच मिळतात, म्हणून आठवड्यातून काही दिवस पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. साडेचारला फुटाणे आणि फळ, पण खुर्चीवर बसून. रात्री सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायचं.

तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहायला सांगितली. चार माणसांत महिन्याला पाच लिटर संपत होतं. माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे धरले, तर चौघांना तीन लिटर पुरतं. सासूबाईंना हे पटलं नाही, पण डबा जास्त दिवस पुरायला लागल्यावर त्यांनी हरकतही घेतली नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मी सोडवली नाही. वाटी लहान केली, सोबत ताक.

व्यायामात आधी जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, मग नेहरू पार्कात आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. आठवड्याला १५० मिनिटं हे सगळ्या प्रौढांसाठीचं किमान माप. शिवाय दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. या वयात बायका चालतात भरपूर, पण स्नायूंना ताण देत नाहीत, आणि वजन टिकवायचं तर स्नायू हवेत.

सराफ्यासाठी वेगळा गृहपाठ दिला. घरी हलकं जेवून जायचं, नवऱ्याबरोबर गराडूची एक प्लेट वाटून घ्यायची, सगळ्यांच्या देखत आणि चवीने. ‘डाएटवाल्या मॅडमनी गराडू खायला सांगितले?’ असं यजमानांनी फोन करून विचारलं. त्या रात्री शेवेचा डबा उघडला गेला नाही.

पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं आणि त्या हिरमुसल्या, कारण मागच्या वेळी आठवड्यातच तीन गेले होते. पाण्याचा हिशेब पुन्हा समजावला. तिसऱ्या महिन्यात काटा अडला, पण कंबर तीन सेंटीमीटर कमी झाली होती, त्यामुळे खाण्या-चालण्यात मी काही बदललं नाही. खरी कसोटी दिवाळीची. फराळ झाला, वजन किलोभर वाढलं आणि त्यांनी यायचंच बंद केलं. मी फोन केला तर म्हणाल्या, ‘मोडलंच ना आता सगळं.’ मागचं डाएट याच विचाराने बुडालं होतं: एक चकली खाल्ली, मग डबाच संपवू. मी एकच काम दिलं, उद्या सकाळी साडेआठला पोहे खायचे. चालणं त्याच आठवड्यात सुरू झालं. खारट-गोडाने अंगात थांबलेलं पाणी उतरलं आणि पंधरवड्यात काटा पूर्वपदावर आला.

वर्ष झालं. वजन ७१, कंबर ८९, एचबीए१सी ५.८. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिनही वाढलं आहे. आता त्यांना ६५ व्हायचं आहे. माझं म्हणणं, पुढचे सहा महिने ७१ च्या आसपासच राहायचं, शरीराला या वजनाची सवय होऊ द्यायची. त्यांना ते पटलेलं नाही. पुढची भेट नवरात्रानंतर ठरली आहे.