उन्हातान्हात राबून पण विटॅमिन डी कमी कसं?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही यावल तालुक्यातले, केळीची शेती आहे, माझं वय ४२. वर्षभरापासून मांड्या आणि कंबर ठणकते, खाली बसलं की उठताना भिंत धरावी लागते. रिपोर्टमध्ये विटॅमिन डी ९ आलंय. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं, मी रोज शेतात जाते, सकाळी कोवळ्या उन्हात पण बसते, मग कमी कसं? मेडिकलवाल्याने पावडरच्या पुड्या दिल्यात, ६०,००० लिहिलंय, रोज एक घेऊ का?

उत्तर : ताई, रोज मुळीच नाही, आधी ते थांबवा. ही पुडी साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते, सहा ते आठ आठवडे, जेवण झाल्यावर, आणि मग कमी डोस. हे विटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, सारखी तहान लागते आणि किडनीवर येतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस तेच ठरवतील.

आता उन्हाचं. आपल्या खान्देशात तापमान आणि ऊन एकच धरतात, पण डी बनतं ते उन्हातल्या यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी, आणि ते उघड्या कातडीवर पडावे लागतात, पारा ४५ ला असो की २५ ला. तुम्ही केळीत काम करता म्हणजे डोक्यावर पानांचं छप्पर, साडीवर मालकांचा जुना फुल शर्ट, तोंडाला रुमाल, मग अंगाला ऊन लागणार कुठे? आणि कोवळं ऊन बसायला छान, पण तेव्हा सूर्य खाली असतो, किरण तिरपे येतात आणि यूव्हीबी हवेतच अडकतं. अंगणात उभं राहून बघा, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. मे महिन्यात हे सकाळी नऊ-साडेनऊलाच होतं, डिसेंबरात पार दुपारी बाराच्या पुढे. त्या वेळी कोपरापर्यंत हात आणि गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसा, सावळ्या रंगाला थोडं जास्त लागतं. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही. मे मधे मात्र भर दुपारी बसू नका, उष्माघात होईल.

तुमचं "भिंत धरावी लागते" वाचून मला काळजी वाटली. डी कमी पडलं की आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट ओढत नाही, मग शरीर ते हाडातून काढतं, हाडं मऊ पडत जातात आणि मांडीचे स्नायू कमजोर होतात, म्हणून जमिनीवरून उठणं सगळ्यात आधी जड जातं. हे वय झालं म्हणून सोडून देऊ नका, ४२ म्हणजे काय वय आहे! कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची स्थिती कळायला करतात ती रक्ताची टेस्ट) आणि किडनीची टेस्ट पण करून घ्या.

जेवणातून फार मिळत नाही. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी यात डी नाहीच, अंड्याच्या बलकात थोडं असतं, आणि पिशवीच्या दुधावर "+एफ"ची खूण असेल तर त्यात घातलेलं असतं. कॅल्शियमसाठी ताक, तीळ, नाचणी चालू ठेवा.

दुखणं लगेच थांबणार नाही, काही आठवडे लागतील. तीन महिन्यांनी डी परत तपासा, आणि घरात सासूबाई असतील, त्यांना पण उठताना आधार लागत असेल, तर त्यांचं पण त्याच दिवशी करून घ्या.